शेतमजुरीचा दर कसा ठरतो?

शेतीच्या खर्चाचा हिशेब मांडताना बी, खत व औषधे यांचे दर शेतकरी पावतीनिशी सांगतो. मजुरीचा दर विचारला असता मात्र "गावात चालू आहे तो" एवढेच उत्तर मिळते. हा चालू दर कोणी ठरविला, शेजारच्या गावी तो वेगळा का, सुगीत चढतो तसा उन्हाळ्यात उतरत का नाही, याचा विचार क्वचितच केला जातो. वस्तुतः बहुतेक पिकांत मजुरी ही खर्चाची मोठी बाब असते. आणि ज्या घरात जमीन नाही, किंवा असून नसल्यासारखी आहे, त्या घरात तीच जवळजवळ एकमेव मिळकत असते. एकाच बांधावर उभ्या असलेल्या दोघांपैकी एकाला हा दर जास्त वाटतो व दुसऱ्याला कमी. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी खरे असू शकते. गावपातळीवरील कार्यकर्त्याला या दोघांशीही बोलावे लागत असल्याने, या बाजाराची घडण त्याने समजून घेणे इष्ट होय.

श्रमाला बाजार असतो असे म्हटले की काहींना ते खटकते. माणूस म्हणजे ज्वारीचे पोते नव्हे, ही हरकत योग्यच आहे, व तिच्यात अर्थशास्त्राचे एक तथ्यही दडलेले आहे. आज न विकलेले पोते उद्या विकता येते; आज काम न मिळता गेलेला दिवस उद्या विकता येत नाही. ज्याच्या घरी आठवड्याचे धान्य शिल्लक नाही, त्याला भाव पटेपर्यंत थांबण्याची सोय नसते. मजूर व मालक यांच्यातील घासाघिशीचे पारडे आरंभापासूनच एका बाजूस झुकलेले असते ते यामुळे. पुढील विवेचन वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

मागणी कोठून येते?

मजुराला कामावर लावणारा शेतकरी श्रमासाठी श्रम विकत घेत नाही. त्या श्रमाने जे पीक हाती येईल त्यासाठी घेतो. म्हणून श्रमाची मागणी ही पिकाच्या मागणीपासून निघालेली असते. एका काल्पनिक उदाहरणाने हे स्पष्ट होईल. समजा, एका एकर कपाशीत पहिल्या चार स्त्रियांच्या एका दिवसाच्या खुरपणीने 3,000 रुपयांचे पीक तणापासून वाचते, पुढील चौघींच्या खुरपणीने 1,600 रुपयांचे व त्यापुढील चौघींच्या खुरपणीने 900 रुपयांचे. रोज 300 रुपये असेल तर चौघींना 1,200 रुपये द्यावे लागतात. अर्थात पहिल्या आठ जणी लावणे परवडते. पुढील चौघी लावणे परवडत नाही. रोज 450 रुपये झाला तर चौघींचे 1,800 होतात व शेतकरी पहिल्या चौघींवरच थांबतो. रोज 200 असता तर बाराही जणींना काम मिळाले असते.

आता रोज 300 रुपयेच ठेवून कापसाचा भाव एक तृतीयांशाने उतरला असे धरावे. दुसऱ्या चौघींनी वाचविलेल्या पिकाची किंमत 1,600 वरून सुमारे 1,067 रुपयांवर येते. ती 1,200 पेक्षा कमी असल्याने त्या चौघी घरी बसतात. भाव पडल्याची झळ शेतकऱ्याला लागते हे सर्वांना दिसते. ज्यांनी कापूस कधी विकलाच नाही अशा चार घरांतील कामही त्याच भावाने गेले, हे मात्र कोणत्याही बाजारभावाच्या पत्रकात दिसत नाही.

वेळेचे महत्त्वही यातच येते. सोयाबीन पक्व झाल्यावर काढणी लांबली तर शेंगा तडकतात व दाणे जमिनीवर सांडतात. त्यातच पाऊस आला तर दाणे डागाळतात. सर्व शिवारातील सोयाबीन एकाच आठवड्यात कापणीस येते आणि एकरी उक्त्याचा दर दोन दिवसांत चढतो. मजूर अडवून बघतात, अशी तक्रार त्या वेळी सर्रास ऐकू येते. येथेही हिशेब करून पाहावा. समजा, एका एकरातील पीक 32,000 रुपयांचे आहे, पाऊस आल्यास त्यातील चतुर्थांश म्हणजे 8,000 रुपयांचे जाईल, आणि पाऊस येण्याचा संभव चारांत एक आहे. तर आजच काढणी करून घेण्याची किंमत शेतकऱ्याच्या दृष्टीने सरासरीने 2,000 रुपये आहे. उक्ता 1,000 रुपयांनी वाढवून मागितला तरी तो देण्यात तोटा नाही. त्या चार दिवसांत टोळीचा वेळच तितका मोलाचा झालेला असतो. सोयाबीनचा भाव वाढला असता शेतकरी तो घेतोच; श्रमाचा भाव वाढला असता तो घेणाऱ्यास लोभी म्हणणे न्याय्य नव्हे.

रिकाम्या दिवसांत दर का उतरत नाही?

मागणी व पुरवठा यांचा नियम अक्षरशः खरा असता, तर उन्हाळ्यात काम नसताना मजुरी उतरत उतरत इतकी खाली गेली असती की प्रत्येकाला काही ना काही काम मिळाले असते. प्रत्यक्षात तसे होत नाही. दर थोडा नरमतो किंवा आहे तेथेच राहतो. कमी होतात ते कामाचे दिवस. याची कारणे एकापेक्षा अधिक आहेत व ती गावात राहणाऱ्याला अपरिचित नाहीत.

पहिले कारण मजुरांच्या बाजूचे. शेजारीण 300 रुपयांवर अडून असताना 200 रुपयांत कामावर जाणारी स्त्री वस्तीत बोल खाते. ही केवळ रूढी नसून तिच्यामागे शहाणपण आहे, कारण एकदा उतरलेला दर सुगीत पुन्हा चढविणे कठीण जाते. दुसरे कारण शेतकऱ्याच्या बाजूचे. ज्याने वैशाखात अडचण पाहून दर पाडला, त्याच्या शेतावर आश्विनात सर्वांच्या शेवटी टोळी जाते. समंजस शेतकरी हे जाणतो व शंभर रुपये वाचविण्यासाठी सुगीतली माणसे गमावीत नाही. तिसरे कारण पोटाचे आहे. फार कमी मजुरीवर अर्धपोटी राहणारा माणूस कामही तितकेच कमी करतो. तेव्हा स्वस्त मजूर हा नेहमी स्वस्त पडतोच असे नाही. हार्वे लायबेनस्टाइन या अर्थशास्त्रज्ञाने 1957 साली हा विचार मांडला होता. बैलाच्या वैरणीबाबत तो कोणत्याही शेतकऱ्याला सांगावा लागत नाही.

या सर्वांचा परिणाम असा की, नुसत्या रोजाच्या आकड्यावरून मजुराच्या घरची स्थिती कळत नाही. रोज किती, यापेक्षा वर्षात रोज किती दिवस मिळाला, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. 400 रुपये रोजाने 120 दिवस काम मिळालेल्याची वर्षाची मजुरी 48,000 होते. 300 रुपये रोजाने 200 दिवस मिळालेल्याची 60,000.

शेतीवर माणसे जास्त झाली आहेत काय?

शेतीवर असलेली पुष्कळशी माणसे काढून घेतली तरी उत्पादन घटणार नाही, असे मत एके काळी प्रचलित होते. आर्थर लुइस यांनी 1954 साली लिहिलेल्या प्रसिद्ध निबंधात पारंपरिक क्षेत्रातून उद्योगाकडे जाणाऱ्या अमर्याद श्रमपुरवठ्याची कल्पना मांडली. त्यांना 1979 साली नोबेल पारितोषिक मिळाले, ते थिओडोर शुल्ट्झ यांच्यासमवेत. योगायोग असा की शुल्ट्झ यांनी याच कल्पनेवर आक्षेप घेतला होता, आणि त्यासाठी घेतलेला पुरावा हिंदुस्थानातला होता. 1918 साली इन्फ्लुएंझाच्या साथीत या देशात अपरिमित मनुष्यहानी झाली. मुंबई इलाख्यालाही तिचा जबर तडाखा बसला. माणसे खरोखरच अतिरिक्त असती तर साथीनंतरही पेरा पूर्वीइतकाच राहावयास हवा होता. शुल्ट्झ यांनी 1964 सालच्या ग्रंथात दाखविले की पेरा घटला, व जेथे मृत्यू अधिक तेथे तो अधिक घटला. या पडताळणीवर अमर्त्य सेन यांनी पुढे हरकती घेतल्या व वाद चालू राहिला.

गावातील अनुभव मात्र दोघांच्याही मधला आहे. ज्येष्ठात चावडीपाशी बसलेली माणसे मोजली तर लुइस यांचे म्हणणे पटते. आश्विनात कापणीला माणूस शोधताना शुल्ट्झ यांचे. मजुरांची टंचाई व बेकारी एकाच गावात, एकाच वर्षात, निरनिराळ्या महिन्यांत नांदतात. "मजूर मिळत नाही" व "काम मिळत नाही" या दोन्ही तक्रारी खऱ्या असण्याचे रहस्य हेच आहे.

रोज, उक्ते व साल

करार कोणत्या प्रकारचा करावा हेही या बाजाराचे एक अंग आहे. जे काम मोजता येते व ज्यात घाई केल्याने फारसे बिघडत नाही, ते उक्ते देणे दोघांनाही सोयीचे. कापसाची वेचणी किलोवर दिली जाते ती यामुळेच. फवारणी किंवा द्राक्षाच्या घडांची विरळणी यांत उरकण्याची घाई नडते; तेथे रोजाने काम घेऊन देखरेख ठेवावी लागते किंवा जाणकार टोळीला दर हंगामात बोलवावे लागते. ज्याला गुरांचे, पाण्याचे व रात्रीच्या राखणीचे काम करावयाचे, त्याचे काम तासांत मावत नाही. म्हणून सालगडी ठेवण्याची पद्धत पडली. मराठवाड्यात त्याचे साल पाडव्याला ठरते, तर खानदेशात आखाजीला. सालगड्याला वर्षाची निश्चिती मिळते, पण मध्येच इतरत्र दर वाढला तर त्याला जाता येत नाही. आज सालगडी मिळणे कठीण झाले आहे, कारण तरुण माणसाला शहरातील बांधकामावरचा रोज ठाऊक झाला आहे. जाण्याची वाट खुली असणे, हीच मजुराची खरी घासाघिशीची शक्ती. गावात एकच मोठा मालक असेल व बाहेर जाण्यास रस्ता नसेल तर दर दबून राहतो. रस्ता झाला व सकाळी एक टेम्पो दहा कोसांवरच्या बागायती पट्ट्यात जाऊ लागला की गावात राहिलेल्यांचाही दर वाढतो.

स्त्रियांच्या बाबतीत ही वाट अजून अरुंद आहे. मुले, स्वयंपाक व पाणी यांमुळे त्यांना दूर जाता येत नाही, आणि खुरपणीसारखी काही कामे त्यांच्याच वाट्याला राखून ठेवली जातात. एका कामात पुष्कळ हात आले की त्या कामाचा दर पडतो. समान कामासाठी समान वेतनाचा कायदा 1976 सालीच झाला. परंतु काम निराळे ठरविले की तो कायदा अडत नसे. स्त्रीचे काम कमी भरते म्हणून रोज कमी, या म्हणण्याला वेचणीचा तराजू हे पुरेसे उत्तर आहे. जेथे वजनावर मजुरी दिली जाते तेथे पुरुष आनंदाने मागे राहतो.

उचल म्हणजे काय?

महाराष्ट्रातील ऊसतोडीचा बाजार हा इतर सर्वांपेक्षा वेगळा, कारण त्यात श्रमाचा बाजार व कर्जाचा बाजार एकमेकांत गुंतलेले आहेत. बीड व त्याच्या आसपासच्या अवर्षणप्रवण जिल्ह्यांतून लाखो माणसे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर व कर्नाटकातील कारखान्यांकडे जातात. कामाचे माप म्हणजे कोयता. बहुधा नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. पावसाळ्यात, घरात पैसा नसताना, मुकादम त्यांना उचल देतो व हंगामात टनाच्या दराने ती फेडून घेतली जाते.

मुकादमाला नुसता दलाल म्हणून मोडीत काढणे सोपे आहे. पण कारखान्याला ठरावीक दिवशी ठरावीक टन ऊस हवा असतो व दोनशे किलोमीटरवरच्या गावातील कोणता माणूस खात्रीचा, हे त्याला ठाऊक नसते. ती माहिती मुकादमाजवळ असते. उचल घेऊन न येणाऱ्या माणसाचा धोकाही पुष्कळदा त्याच्याच अंगावर पडतो. दोष त्याच्या अस्तित्वात नाही. हिशेबाची वही एकाच बाजूस असते, यात आहे.

जानेवारी 2024 मध्ये झालेल्या तडजोडीने तोडणीचा दर 34 टक्क्यांनी वाढून टनास सुमारे 366 रुपये झाला. हा दर धरून हिशेब करावा. समजा, एका कोयत्याने 1,00,000 रुपये उचल घेतली आहे व दिवसाला 2 टन ऊस तुटतो. दिवसाची कमाई 732 रुपये. फेड होण्यास सुमारे 137 दिवस लागतील. हंगाम पाच महिने चालला तर उचल फिटून थोडे हाती येईल. पण पाऊस कमी झाला, ऊस कमी पडला व कारखाना 110 दिवसांत बंद झाला, तर कमाई 80,520 होते व 19,480 रुपये बाकी राहतात. ती बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळविली जाते आणि तो कोयता पुढील वर्षीही त्याच मुकादमाकडे बांधला जातो. पाऊस न पडण्यात मजुराचा काही दोष नव्हता. तरीही हंगाम आखूड होण्याचा धोका सर्वस्वी त्याच्यावर आला. आजारपण व बाळंतपण यांमुळे बुडालेले दिवसही याच हिशेबात जमा होतात. इतर कोणत्याही धंद्यात इतका मोठा धोका सर्वांत गरीब भागीदाराच्या गळ्यात घातला तर त्याला कोणी करार म्हणणार नाही.

वेठबिगार निर्मूलनाचा कायदा 1976 साली झाला आहे. घेतलेल्या आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसाला दुसरीकडे काम करण्यास मज्जाव करणे त्या कायद्याने गुन्हा आहे, व असे बांधून घालणारे कर्ज रद्द ठरते. ही गोष्ट मजुरांना व मुकादमांना दोघांनाही सांगितली पाहिजे.

रोजगार हमीचा परिणाम

बाजारातील दर केवळ शिवारातच ठरतो असे नाही. शिवाराबाहेर दुसरे काम कोणत्या दराने मिळते, यावरही तो ठरतो. या बाबतीत महाराष्ट्राने देशाला एक धडा घालून दिला. वि. स. पागे यांच्या कल्पनेनुसार सांगली जिल्ह्याच्या तासगाव तालुक्यातील विसापूर येथे 1965 साली लहानसा प्रयोग झाला. 1972 च्या दुष्काळात ती योजना राज्यभर उपयोगी पडली. 1977 साली तिचा कायदा झाला व तो 1979 पासून अमलात आला. खर्चासाठी शहरातील नोकरदार व व्यावसायिक यांच्यावर व्यवसाय कर बसविण्यात आला. दुष्काळी गावातील बांधबंदिस्तीचा भार मुंबईच्या पगारदाराने काही अंशी उचलावा, ही कल्पना आजही विचार करण्याजोगी आहे.

मागेल त्याला काम मिळत असेल, तर त्या कामाच्या मजुरीपेक्षा कमी दराने शेतावर कोणी येणार नाही. हमीचा दर हा बाजाराच्या दराखालचा टेकू ठरतो. मात्र टेकू तेव्हाच टेकू, जेव्हा काम खरोखर मिळते. 1988 साली राज्यात शेतीच्या किमान वेतनाचे दर दुप्पट करण्यात आले व हमीवरील मजुरीही त्याबरोबर वाढली. मार्टिन रॅव्हेलियन, गौरव दत्त व शुभम चौधरी यांनी 1993 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, त्यानंतर हमीवरील रोजगार अपेक्षेइतका वाढला नाही. कामाची वाटणी मोजूनमापून होऊ लागली. दर वाढविला पण कामे उघडली नाहीत, तर मागणारा दारातून परत जातो व हमी कागदावर राहते. याचा अर्थ दर वाढविणे चूक असा नव्हे. दर व कामांची संख्या ही दोन्ही चाके बरोबर फिरली पाहिजेत, एवढाच तो आहे.

2005 साली संसदेने संमत केलेल्या कायद्याने ग्रामीण कुटुंबाला वर्षाला 100 दिवसांची हमी दिली. डिसेंबर 2025 मध्ये त्याच्या जागी नवा कायदा संमत झाला. त्यात 125 दिवसांची तरतूद असून, पेरणी व सुगीच्या ऐन काळात एकूण 60 दिवस ही कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. शेतकऱ्याच्या टंचाईला हा उतारा म्हणून सुचविला गेला. पण घासाघिशीत मजुराचे पारडे जड असण्याचे दिवस नेमके तेच असतात, व टेकू काढून घेतल्यास त्यांच्या दरावर काय परिणाम होतो, याकडे लक्ष ठेवणे कार्यकर्त्याचे काम आहे. 60 दिवस कोणते धरावयाचे, हे पिकानुसार ठरले पाहिजे. सोयाबीनच्या पट्ट्यातील सुगी व भाताच्या पट्ट्यातील लावणी एका महिन्यात येत नाहीत.

गावात करण्याजोगे

यंत्राने टंचाई मिटेल असे म्हटले जाते. काही अंशी ते खरे आहे. सोयाबीन व गहू यांच्या मळणीत ते होऊनही गेले. तणनाशकाने खुरपणीचे दिवस कमी केले आहेत. ज्या आठवड्यात माणूस मिळतच नाही त्या आठवड्यासाठी यंत्र आणणे आणि जे आठवडे लोक रिकामे असतात त्यांतील कामही यंत्राकडे देणे, या दोहोंत फरक करावा.

त्याहून कमी खर्चाचा उपाय म्हणजे गावाचे श्रमपत्रक तयार करणे. कोणत्या पंधरवड्यात कोणत्या पिकाचे किती काम, व गावात कामाला येणारी माणसे किती, हे एका कागदावर मांडले की गर्दीचे पंधरवडे ताबडतोब दिसतात. लवकर व उशिरा येणारे वाण निरनिराळ्या शेतांत विभागून पेरले, तर काढणी एका आठवड्याऐवजी तीन आठवड्यांत पसरते; शेतकऱ्याला माणूस मिळतो व मजुराला दिवस. बांधबंदिस्ती, विहिरीतील गाळ, फळबागेचे खड्डे ही कामे उन्हाळ्याकडे ढकलावीत. लहान शेतकऱ्यांनी सावडीची जुनी पद्धत पुन्हा सुरू केल्यास रोख रक्कम न लागता बरेच काम उरकते.

ऊसतोडीच्या गावांत कार्यकर्त्याने भाद्रपदातच, उचलीचे व्यवहार होत असताना, घरोघर जाऊन एका वहीचा आग्रह धरावा. वहीत घेतलेली रक्कम, तारीख, टनाचा दर, मुकादमाचे कमिशन कोण देणार, मागील बाकी व हंगाम लवकर संपल्यास बाकीचे काय, एवढ्या बाबी असाव्यात. दोन्ही बाजूंच्या सह्या असाव्यात व एक प्रत मजुराच्या घरी राहावी. कारखान्यावर दर पंधरवड्याला मिळणाऱ्या टनांच्या पावत्या त्याच वहीत चिकटवाव्यात. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या घरातील शाळेत जाणारे मूल बहुधा हे काम करू शकते. मात्र ते मूल आईबापांबरोबर फडावर न जाता गावी शाळेत राहील याची व्यवस्था त्याच महिन्यात झालेली असावी.